अप्पांचा दोरा माझ्या बोटात

माझ्या लग्नात भटजींनी बायकोचा हात माझ्या हातात दिला आणि मी तिची नाडी बघितली. मुद्दाम नाही. तीन बोटं आपोआप मनगटावर जाऊन बसली, डोळे कार्यालयातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले आणि तोंडातून निघून गेलं, "जरा जलद आहे." तिनं खाली मान घालूनच उत्तर दिलं, "तुमची बघा आधी." संसारातलं तिचं ते पहिलं वाक्य. पुढं तिनं मला जे जे सुनावलं, ते साधारण याच अर्थाचं होतं.

माझा धंदा भूल द्यायचा. ऑपरेशनच्या टेबलावरचा माणूस पोटाकडून सर्जनचा आणि डोक्याकडून माझा. आता उशाशी यंत्रं असतात. बोटाला चिमटा लावला की रक्तातला प्राणवायू आकड्यात दिसतो, ठोका हिरव्या रेघेवर पळतो, काही बिनसलं तर यंत्रच बोंब मारतं. आमच्या वेळी बोंब मारायचं खातंही माझ्याकडेच होतं. एक बोट पेशंटच्या कानशिलावरच्या शिरेवर, छातीवर चिकटपट्टीनं डकवलेला स्टेथोस्कोप, त्याची लांब रबरी नळी माझ्या एका कानात, गुडघ्यावर पाऱ्याचं बीपीचं यंत्र. दुसरा कान सर्जनच्या शिव्यांसाठी मोकळा.

असं काम केलेल्या माणसाला स्वस्थ बसणं जमत नाही. जेवताना माझा पाय हलत असतो. सिनेमात नटी बेशुद्ध पडली की लोक रडतात आणि मी तिची छाती वरखाली होते का ते बघतो, आणि शेजारी बसलेल्या बायकोचा गैरसमज होतो. झोपलेलं माणूस तर मला बघवतच नाही. घरी कुणी दुपारचं लवंडलं की मी दोनदा जाऊन श्वास बघून येतो. सासरे एकदा म्हणाले, "जावईबापू, मी झोपलोय. गेलो की सांगीन."

आणि एवढं करून सगळ्यात मोठी फजिती झोपेनंच केली. कंधारला ऑपरेशनचं शिबिर होतं, मे महिना, पत्र्याचं छत. भूल द्यायला ईथर. हे औषध माणसाच्या अंगाएवढ्या उन्हातच उकळायला लागतं, आणि त्या दिवशी कंधार माणसाच्या अंगापेक्षा तापलेलं होतं. बाटलीचं बूच काढलं तर आतून सापासारखा फूत्कार. बूच कुठं गडगडलं ते शोधायला मी टेबलाखाली वाकलो. ईथरची वाफ जड असते, खालीच साचते, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. सर्जननं विचारलं, "झोपला का?" सिस्टर म्हणाली, "पेशंट जागा हाय सर. डॉक्टर झोपले." पुढं बरेच दिवस कंधारच्या स्टँडवर मला बघून लोक जांभया द्यायचे.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढचं वाचताना माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

लातूर नुकतं जिल्हा झालं होतं तेव्हाची गोष्ट. मी नांदेडला राहायचो. लातूरला माझा एक सर्जन मित्र होता, उदगीरकडचा. त्याला जिल्ह्याचं वारं लागलं. सगळ्या गावालाच लागलं होतं. शिंप्यापासून सायकलवाल्यापर्यंत प्रत्येकानं पाटी नवी रंगवून घेतली आणि दुकानाच्या नावाआधी 'जिल्ह्यातील पहिले' असं लिहिलं. मित्रानं दवाखान्यावर मजला चढवायला काढला. वर गिलावा व्हायचा होता, जिन्याला कठडा नव्हता, पण ऑपरेशनची खोली तयार होती. मला म्हणाला, "आठवड्यातून एक दिवस ये. जिल्ह्याचं ठिकाण आहे आता."

जिल्हा आला, कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही. पाऊस लागोपाठ हुकला होता. गल्लीच्या तोंडाशी टँकरचा आवाज आला की दवाखान्यातले पेशंटचे नातेवाईक पेशंटला सोडून घागरी घेऊन पळायचे, आणि एकदा तर पेशंटही पळाला होता. सर्जनचे हात धुवायला माडीवर एक पिंप भरून ठेवलेलं असे आणि त्यावर सिस्टरचा पहारा. मी तोंडावर पाणी मारायला गेलो तर ती म्हणायची, "सर, तुमचे हात कुठं पोटात जातेत? पुसून घ्या की."

मी पहाटेच्या एसटीनं यायचो. मांडीवर पाऱ्याचं यंत्र, पायाशी बॅग, बॅगेत औषधांच्या काचेच्या कुप्या बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या. लातूरच्या स्टँडवर उतरलो की गाड्यावर आम्लेट-पाव, वर चहा, आणि मग काम. दुपारची नांदेड गाडी गाठायची असायची. ती चुकली की पुढची कधी येईल, बसायला मिळेल का, याची काही शाश्वती नाही. त्यामुळे सकाळी पहिल्या पेशंटला सुई टोचल्यापासून माझा एक डोळा घड्याळावर.

त्या दिवशी कामं संपत आली होती आणि मी बॅग आवरायला घेतली, तेवढ्यात मुरुडहून अप्पा आले. अप्पा म्हणजे साठी ओलांडलेले भुसारी व्यापारी, अंगानं भरलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, तेही पुसट झालेले. बरोबर त्यांची बायको, तिला सगळे अव्वा म्हणत. अप्पांचा हर्निया जुना होता. इतकी वर्षं ते तो धोतरात सांभाळून होते. आज सकाळी पोतं सरकवताना तो उतरला आणि परत आत जाईना. मित्रानं दाबून बघितलं, अप्पांनी दात खाल्ले. आतडं अडकलं होतं. आज ऑपरेशन केलं नाही तर ते आतल्या आत काळं पडणार, आणि मग माणूस वाचवणं अवघड. मित्र मला म्हणाला, "बॅग उघड."

मी घड्याळाकडे बघत माझा ठरलेला प्रश्न टाकला, "काही खाल्लं-प्यायलंय का?"

"काही न्हाई," अप्पा म्हणाले.

"पाणी?"

"थेंब न्हाई."

मला गहिवरून आलं. भूल देणाऱ्याला भरल्या पोटाची भीती असते. बेशुद्धीत ओकारी झाली की अन्न फुफ्फुसात उतरतं. आणि आमच्या भागात ऑपरेशनला माणूस उपाशी पाठवणं म्हणजे वैर धरल्यासारखं. ताकद नको का? रेणापूरची एक आजी तर नातवाला खोलीत नेताना चादरीखालून शिरा भरवताना सापडली होती. अशा मुलखात न सांगता कोरड्या पोटानं आलेला माणूस! मी अप्पांचा खांदा थोपटला. "असे पेशंट पाहिजेत," मी सिस्टरला म्हणालो.

कधीपासून थेंब नाही, हा दुसरा प्रश्न विचारायचा असतो. जीभ बाहेर काढायला सांगून बघायची असते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची असते. मला हे सगळं येत होतं. पण घड्याळ पुढं चाललं होतं.

कमरेत सुई द्यायचं ठरवलं. मणक्यात औषध गेलं की कमरेखालचं अंग बधिर होतं आणि माणूस वर जागा राहतो. जागा माणूस स्वतःच स्वतःची खबर देतो, म्हणून ते मला बरं वाटायचं. अप्पांना टेबलावर बसवलं, सिस्टरनं सदरा काढला आणि गळ्याला हात घातला. अप्पांनी तिचं मनगट धरलं.

गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी होती. आत इष्टलिंग. अप्पा लिंगायत, आणि जुन्या वळणाचे. हे लिंग लहानपणी गळ्यात आलं की माणूस मातीत जाईपर्यंत अंगावेगळं व्हायचं नाही. रोज आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, त्यानंतरच तोंडात काही घालायचं. एवढं मलाही माहीत होतं. पण ऑपरेशनच्या खोलीत अंगावर काही ठेवायचं नाही हा दवाखान्याचा नियम, आणि मला त्याच जागी स्टेथोस्कोप डकवायचा होता.

"अप्पा, काढावं लागेल," मित्र म्हणाला.

"न्हाई निघत."

"मी पण लिंगायतच आहे अप्पा. काही होत नाही."

अप्पांनी त्याच्या उघड्या गळ्याकडे बघितलं. "तुमचं कुठं हाय?"

"घरी. देव्हाऱ्यात."

"लिंग घरी? मंग हितं कोन उभं हाय?"

जिल्ह्यातील पहिले सर्जन हातमोजे ओढायला लागले. दुखण्यानं अप्पांच्या कपाळावर घाम होता, पण हात डबीवरून हलत नव्हता. "न्हाई जमत तर ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मुरुडला जाऊन मरतो. अंगावर लिंग घिऊन मरतो."

ते उठायलाच लागले. दारातून अव्वा ओरडली, "बसा की गप! कुनाचं ऐकायचंच न्हाई का जन्मात?" आणि माझ्या तोंडून निघालं, "अप्पा, मुठीत धरता का?"

पूजेत डाव्या तळहातावर घेतातच. तेच मुठीत राहील, अंगाला लागून राहील, छाती मोकळी होईल. अप्पांनी विचार केला. "आन् मूठ सुटली तर? खाली पडलं तर?"

"दोरा माझ्या बोटाला बांधतो. पडू देत नाही."

"शब्द?"

"शब्द."

अप्पांनी स्वतः गाठ सोडली, डबी डाव्या मुठीत घेतली आणि दोऱ्याचं टोक माझ्या करंगळीला दोन वेढे देऊन आवळलं. पोत्याचं तोंड बांधतात तसं. मग म्हणाले, "घ्या आता, काय टोचायचं ते टोचा."

टोचलं. आडवं केलं. सलाईनची एक बाटली सावकाश चालू होती, रीत म्हणून. पाय जड झाले, मित्रानं चीर दिली, अप्पांना कळलंही नाही. मी उशाशी बसून गप्पा सुरू केल्या. पेशंट बोलता ठेवायचा, ही सुद्धा देखरेखच असते. मुरुडचा बाजार, तुरीचा भाव, जिल्हा झाल्यानं काय फरक पडला. "फरक म्हंजे," अप्पा म्हणाले, "आदी उस्मानाबादला चकरा मारत व्हतो, आता लातूरला मारायलो. चकरा त्याच." आणि त्यांनी जांभई दिली.

"काय अप्पा, माझा कंटाळा आला?"

ते हसले नाहीत. पुन्हा जांभई. मोठी, जबडा कडकडला असेल अशी.

या सुईनंतरची जांभई कंटाळ्याची नसते. औषधानं कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायात साचतं, मेंदूला कमी पडतं, आणि माणूस जांभई देतो. हेही मी परीक्षेत लिहिलं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात कंधारच्या स्टँडवरचे लोक आले आणि मला राग आला. मी बीपी घेतलं. पारा सरसर खाली आला, ठोका ऐकूच येईना. मी यंत्र हापटलं. एसटीत धक्के खाऊन पाऱ्यात हवा शिरली असणार, असं मनाशी ठरवून मी रबराचा फुगा पिळत बसलो. यंत्रावर संशय घेणं फार सोपं असतं. ते उलटून बोलत नाही.

तेवढ्यात माझ्या करंगळीला हिसका बसला.

डबी टेबलावरून खाली लोंबत होती. माझ्या बोटाला लटकून, जमिनीपासून वीतभर वर, गोल गोल फिरत होती. अप्पांचा डावा हात उघडा पडला होता, बोटं सुटलेली. जो माणूस हे सोडण्यापेक्षा मुरुडला जाऊन मरणार होता, त्याची मूठ सुटली होती. पाऱ्यात काही बिघाड नव्हता.

"अप्पा!" उत्तर नाही. ओठ पांढरे, नाडी बोटाखालून निसटत चाललेली.

"काय झालं?" मित्रानं विचारलं. त्याच्या हातात आतडं होतं.

"बीपी गेलं. थांब. सिस्टर, पाय वर!"

सिस्टरनं अप्पांचे दोन्ही पाय उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतले. मला प्राणवायू लावायचा होता, दुसऱ्या हाताला दुसरी बाटली लावायची होती, रक्तदाब वाढवायच्या औषधाची कुपी फोडायची होती. आणि माझ्या करंगळीला चांदीची डबी. हात हलवला की ती टेबलाच्या लोखंडाला आपटायची. शब्द दिला होता, खाली ठेवता येत नव्हती. मी दोरा बोटातून काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला.

ती अप्पांच्याच छातीवर ठेवता आली असती. हे मला सुचलं ते बऱ्याच दिवसांनी, एसटीत.

कुपी फोडताना बोट कापलं, औषध शिरेत गेलं, डाव्या हाताला दुसरी बाटली लागली. सलाईनच्या बाटल्या तेव्हा काचेच्या. दाबून वेग वाढवायची सोय नाही. जितकी उंच धरावी तितकी जोरात वाहते. मी स्टुलावर चढलो आणि बाटली छताकडे धरली. वरून ओरडलो, "अव्वा! अप्पांनी शेवटचं पाणी कधी घेतलं?"

दारातून उत्तर आलं, "परवा!"

"परवा?"

"टँकर न्हाई आला. आंगुळीला पानी न्हाई. आंगूळ न्हाई म्हनून पूजा न्हाई, पूजा न्हाई म्हनून पानी न्हाई. दुसऱ्याच्या घरचं घ्या म्हनलं, तर न्हाई. मी बोलून बोलून थकले बघा!"

दोन दिवस थेंब नाही. मे महिन्यात, पोती सरकवत. अंगात रक्त जेमतेम पुरत असेल, आणि त्यातलं अर्धं मी सुईनं पायात सोडून दिलं होतं. खांदा थोपटून, 'असे पेशंट पाहिजेत' म्हणून. खाली मित्र आतडं धरून उभा, सिस्टर पाय धरून उभी, आणि मी बाटली धरून एकेक थेंब मोजत होतो. त्या वेळी मला नांदेडची गाडी आठवली नाही. धंद्यात प्रथमच.

अप्पांचे ओठ हलले. मग डोळे उघडले.

त्यांना काय दिसलं असेल याची कल्पना करा. वर बिनगिलाव्याचं छत, त्याखाली स्टुलावर उभा हिरव्या टोपीचा माणूस, हात आभाळाकडे, हातात बाटली, बोटातून रक्त, आणि गळ्यात त्यांचं लिंग.

"कैलासात आलो काय?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई अप्पा," सिस्टर त्यांच्या पायांमागून म्हणाली, "लातूरलाच हाव."

"मंग हे गण कुठलं?"

मग त्यांनी मला ओळखलं. "डाक्टर, गळ्यात काय हाय तुमच्या?"

"तुमचंच आहे अप्पा. खाली पडू नाही दिलं."

"ते बराबर. गळ्यात घाला, कोन म्हनलं?" आणि त्यांची नजर बाटलीवरून नळीवर, नळीवरून स्वतःच्या हातावर आली. "आन् हे काय सोडायलेत माझ्यात?"

दुसरा कुठलाही डॉक्टर 'औषध' म्हणाला असता. मी म्हणालो, "मिठाचं पाणी."

मित्रानं डोळे मिटले.

"पानी?" अप्पा म्हणाले. "माझी पूजा न्हाई झाली."

आणि त्यांचा उजवा हात डाव्या हातातल्या सुईकडे निघाला. सिस्टरच्या खांद्यावर पाय, तिला धरता येईना. सर्जनचे हात निर्जंतुक, तो शिवू शकत नाही. मी स्टुलावर. ती सुई निघाली असती तर बीपी पुन्हा कोसळलं असतं, आणि या वेळी वर यायला अंगात काही शिल्लक नव्हतं. नाडी अजून सुतासारखी होती.

"अप्पा, थांबा! पूजा कुणाची राहिली?"

"माझी."

"लिंग कुणाच्या गळ्यात आहे?"

अप्पांचा हात थांबला.

"ज्याच्या गळ्यात त्याला नियम," मी घाईघाईनं म्हणालो. मी हे कुठल्याही शास्त्राच्या आधारावर बोलत नव्हतो. "पाणी आत गेलं तेव्हा ते माझ्या गळ्यात होतं. म्हणजे नियम माझ्यावर. आणि ते गळ्यात आल्यापासून मी थेंब प्यायलेलो नाही."

अप्पा भुसारी व्यापारी होते, समोरच्याचं म्हणणं सगळीकडून चाचपून बघायची त्यांना सवय. माझ्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "सकाळी काय खाऊन आले?"

आता पोहे म्हणायचं होतं. शिरा म्हणायचं होतं. पण घाबरलेल्या माणसाला खोटं सुचायला वेळ लागतो.

"आम्लेट," मी म्हणालो.

"मूर्खा," मित्र मास्कच्या आतून पुटपुटला.

मी स्टुलावरून वाकून त्यांच्या कानशिलावर बोट ठेवलं. नाडी भरत होती. मग त्यांची छाती हलायला लागली. मला वाटलं झटका आला. अप्पा हसत होते.

"अप्पा, हसू नका!" मित्र ओरडला. "आतडं बाहेर येतंय!"

"आम्लेट," अप्पा म्हणाले, डोळ्यांतून पाणी. दोन दिवस कोरड्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणजे सलाईन पोचलं, असं माझ्यातल्या डॉक्टरनं लगेच नोंदवलं. "पोहे म्हनले असते तर खोटं म्हनून उपटलीच असती सुई. आता ऐका डाक्टर. माझी पूजा होईस्तोवर तुम्ही पानी प्यायचं न्हाई. तुम्ही प्याले का मी हे काढलं."

"कबूल," मी म्हणालो. आतडं अजून गुलाबी होतं. मित्रानं ते आत सारलं आणि टाके घालायला घेतले.

ऑपरेशन संपलं, अप्पांना खाली खाटेवर आणलं. चांदीची डबी अव्वानं माझ्या गळ्यातून काढून त्यांच्या मुठीत दिली. मला वाटलं सुटलो. पण अप्पांनी बजावलं, "पूजा झाली न्हाई अजून." आणि पूजा होणार कशी? आंघोळीशिवाय नाही. कमरेतल्या सुईनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत उठायचं नाही. आणि उठले तरी आंघोळीला पाणी कुठाय?

नांदेड गाडी गेली होती. मी खाटेजवळ बसलो, उठलो, जिन्यापर्यंत गेलो, परत आलो. सकाळच्या चहानंतर पोटात काही नव्हतं. घसा वाळूचा झालेला. सिस्टरनं चहा आणला. अप्पा एका डोळ्यानं बघत होते. मी मान हलवली. मित्रानं तो माझ्यासमोर बसून, फुर्र फुर्र करत, बशीतून प्यायला. "धर्म म्हणजे धर्म," तो मला म्हणाला. देव्हाऱ्याचा सूड उगवत होता.

पण मला चैन पडत नव्हती ती निव्वळ तहानेनं नाही. अप्पांना जागेवरून हलवता येत नव्हतं, सलाईन रात्री संपणार होतं, आणि उद्याही टँकर आला नाही तर हे गृहस्थ पुन्हा तोंड बंद करून बसणार होते. मी अव्वाला गाठलं. "काहीच मार्ग नाही का?"

"हाय की," ती म्हणाली, मुद्दाम खाटेपर्यंत ऐकू जाईल अशी. "भस्माची आंगूळ चालती. आंगाला भस्म लावायचं, झाली आंगूळ. पानी नसंल तर चालतीच. स्वामींनी सांगितलंय. पन यांना न्हाई चालत."

"का?"

"घरात आड हाय ना! यांच्या आज्यानं खनलेला. कधी आटला न्हाई. सगळी गल्ली तिथं पानी भरती. आता गाळ काढायचाय म्हनून दाराला कुलूप घातलंय. भस्म लावलं तर लोक काय म्हनतील, आड आटला."

"आटलाय?"

अव्वानं नवऱ्याकडे बघितलं. खाटेवरून अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

म्हणजे दुसऱ्याच्या घरचं पाणी नाही, भस्म नाही. आडाची अब्रू राखायला हा माणूस दोन दिवस कोरडा बसला होता, आणि पोती उचलत होता. मी खाटेजवळ स्टूल ओढून बसलो. काही बोलायला तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटली आणि शब्दाऐवजी ठसका आला. एक, मग दुसरा, मग थांबेचना. सिस्टर पेला घेऊन धावली. मी हातानं नको म्हणालो. शब्द दिला होता, आणि दुसरं म्हणजे, सुई अजून त्यांच्या हातात होती.

अप्पांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझे ओठ, माझा घसा. मी पेशंटकडे बघतो तसं.

"अव्वा," ते म्हणाले. "भस्माची पिशवी आन."

ती जागची हलली नाही. "काय म्हनलं?"

"आड आटला," अप्पा म्हणाले. वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आटला म्हनलं की नव्हं? आन आता. माझ्यापायी कुनी तान्हेला बसल्यालं आजवर झालं न्हाई."

अव्वानं पिशवी सोडली. कपाळावर, दंडांवर, छातीवर, सगळीकडे भस्म लावलं. मित्र न सांगता माडीवर गेला आणि हात धुवायच्या पिंपातलं तांब्याभर पाणी घेऊन आला. सिस्टरनं जिन्यात त्याला वाट करून दिली. अप्पांनी पडल्या पडल्या डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. आता हात स्थिर होता. मी शेजारी बसून तो कधी ढळतो का ते बघत होतो. पूजा अशी कुणी बघू नये, पण मला दुसऱ्या तऱ्हेनं बघता येत नाही.

पूजा झाली. दोरा गळ्यात गेला, अव्वानं गाठ मारली. मित्र म्हणाला, घोटभर चालेल आता. अव्वानं दोन पेले भरले.

"आदी तुम्ही," अप्पा मला म्हणाले.

मी प्यायलो. टँकरच्या गंजाची चव होती. पेला संपला तरी मी तो तोंडाला लावूनच बसलो होतो.

"डाक्टर," अप्पा म्हणाले, "आता हात सोडा."

"काय?"

"हात सोडा म्हनलं. मला पन प्यायचंय की."

बघतो तर माझी तीन बोटं त्यांच्या उजव्या मनगटावर, आणि त्यांचा पेला अव्वाच्या हातात ताटकळत.